ट्रेबल जरा कमी कर

११ फेब्रुवारी १९९०, रविवार

अखेर आज संच पुरा झाला. अँप्लिफायर पेणहून मागेच आला होता, स्पीकरच्या पेट्या अडल्या होत्या. वरसे गावातल्याच सुताराने सागाच्या फळ्या घासून घासून अशा काही केल्यात की हात फिरवत राहावं. बाहेरच्या खोलीतलं कपाट हलवलं, देवाची तसबीर थोडी सरकवली, दोन भिंतींना दोन पेट्या आणि मध्ये टेबलावर रेकॉर्ड प्लेअर.

सगुणा म्हणाली, "आता माणसांनी बसायचं कुठं?"

मी म्हटलं, "मधोमध. गप बसायचं आणि ऐकायचं."

ती हसली नाही. हल्ली तिला माझं बोलणं गोड लागत नाही.

कंप्रेसर हाऊसमध्ये आख्खी शिफ्ट त्या धुडांच्या घरघरीत काढल्यावर माणसाला काहीतरी बरं कानावर पडावंसं वाटतं. घरी आलो तरी ती घरघर पाठ सोडत नाही, उशीवर डोकं टेकलं की बारीक शिट्टी वाजत राहते. एवढ्या वर्षांत सवय झाली म्हणा.

पुढच्या रविवारी मोरूला बोलावलंय. त्याचं मत आल्याशिवाय मला काही खरं वाटायचं नाही. खांब गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर, खांबच्या भजनात तो तबल्याला आणि मी गायला. तो बी.ए. झाला, धाटावला कंपनीच्या पर्सनल खात्यात लागला, आणि साहेबाला सांगून त्यानेच मला आत घेतलं. आता पेणला ब्लॉक घेऊन राहतो, पण माणूस बदलला नाही. तबला लावताना त्याचा कान किती बारीक चालतो ते मी पाहिलंय. त्याला सांगून ठेवलंय, "खोटं कौतुक नको. असेल ते मोकळेपणी सांग."

१८ फेब्रुवारी, रविवार

मोरू आला. मी त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं, रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. माझ्या आवडत्या गाणाऱ्या बाईंचा यमन. विलंबित संपेपर्यंत तो बोलला नाही. मी त्याच्याकडे बघत होतो. द्रुत सुरू झालं तसा त्याने एकदा डोळे मिटले, आणि दात दुखल्यासारखा चेहरा केला.

रेकॉर्ड संपल्यावर म्हणाला, "पेट्या एक नंबर. असं लाकूड पेणमध्ये कुणाकडं नाय. डग्गा तर असा येतोय की मांडीवर थाप पडावी."

"आणि?"

"आणि काय? छान हाय."

"मोरू, मी तुला 'छान' ऐकायला बोलावलं नाय."

 तो खुर्ची माझ्याजवळ ओढून माझ्या तोंडाकडे बघत, सावकाश, लहान पोराला समजवावं तसा बोलला, "रागवू नकोस. संचात काही खोट नाय. पण वरचा सूर टोचतो रे. बाईंचा आवाज एवढा मऊ, तो इथं पत्र्यावर नख ओढल्यासारखा येतोय. ट्रेबल जरा कमी कर."

मी बघितलं तर ट्रेबलचं बटण पार उजवीकडे होतं. मीच ठेवलेलं. तिथेच तर गाणं उघडतं. त्याने उठून ते निम्म्यावर आणलं आणि पुन्हा सुई ठेवली. बाईंच्या तोंडावर कुणीतरी गोधडी टाकावी तसं झालं.

"आता?" मोरू.

"आता मेलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागं तंबोरा हाय, तो ऐकतोस?"

"जुनी रेकॉर्ड. तंबोरा कुठला राहतोय तिच्यात."

सगुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मोरूने तिच्याकडे बघितलं, तिने मोरूकडे. मला ते बघणं आवडलं नाही. मग त्याने उगाच विचारलं, "कामावर कानात कापूस घालतोस ना?" मी म्हटलं, "कापसाने काय होतंय तिथं!" आणि विषय वालाच्या शेंगांवर गेला. चहा घेऊन तो लवकर निघाला. एरवी जेवल्याशिवाय हलत नाही.

२१ फेब्रुवारी

बटण पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवलं.

तीन दिवस मनातून जात नाही. मीच म्हटलं होतं मोकळेपणी सांग, आणि त्याने सांगितलं. शिवाय किती जपून सांगितलं! आधी पेट्यांचं कौतुक, मग डग्ग्याचं, मग हळूच सुरी. ऑफिसात रोज तेच करत असणार. एखाद्याला काढून टाकायचं असेल तरी आधी चहा पाजत असेल.

पत्र्यावर नख म्हणे. वर्षभर जीव लावून उभं केलेलं, आणि माझ्या घरात बसून, माझ्या बायकोसमोर. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं.

६ मार्च

सुई बदलली. फरक नाही. रेकॉर्डच झिजल्या असाव्यात, किंवा पेणच्या दुकानदाराने वरच्या सुराचे ट्वीटर जुने गळ्यात मारले. कुणावर विश्वास ठेवायचा कळत नाही.

यंदा कोकीळ अजून आलेला नाही. मागच्या आंब्यावर दर साल शिमग्याआधी ओरडून भंडावतो. लेक शांतीला म्हटलं, तर ती पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलून आत गेली. दहावीच्या पोरी अशाच बोलतात, अर्धं तोंडात, अर्धं वहीत. मी "नीट बोल" म्हणून ओरडलो. ती रडली. मग सगुणा माझ्यावर ओरडली. त्याआधी कुकर करपला, तोही माझ्यामुळेच. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, तर म्हणे शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तुम्ही उठला नाय. मला एक शिट्टी ऐकू आली नाही. रागात माणूस किती वाढवून सांगतो.

१२ मार्च

शिमग्याला खांबला जाऊन आलो. भजनाला बसलो तर म्हातारा विठूकाका माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "गुणाजी, हळू रे पोरा, बाकीच्यांचं पण ऐकू दे." सगळे हसले. मोरू तबल्यावर होता. तो हसला नाही, खाली बघत तबल्यावर हातोडी मारत राहिला. मी मध्येच उठून घरी आलो.

१५ मार्च

आज जे पाहिलं ते लिहू की नको असं झालंय.

पहिली शिफ्ट करून रोह्याच्या बाजारातून येत होतो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात खिडकीजवळच्या बाकावर सगुणा आणि मोरू. समोरासमोर. ती पदराने डोळे टिपत होती आणि तो पुढे वाकून काहीतरी सांगत होता. ऑफिसची वेळ होती. म्हणजे तो मुद्दाम बाहेर आलेला.

मी सायकल वळवून दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.

ती आल्यावर विचारलं, "कुठं गेलतीस?"

"बाजारात."

"एकटीच?"

"मग कोण येणार माझ्याबरोबर?" पिशवीतून मेथी काढून निवडायला बसली.  वीस वर्षांच्या संसारात ती मला खोटं बोलल्याचं आठवत नाही. का नेहमीच बोलत होती आणि मला कळत नव्हतं?

पेट्यांकडे बघून वाटलं, कुऱ्हाड घालावी.

२२ मार्च

आठवडाभर घरात बोललो नाही. सगुणा आज समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "शनिवारी पेणला जायचं. मोरूभाऊजींनी जेवायला बोलावलंय."

"तू जा."

"दोघांनी जायचं. तुमच्या पाया पडते."

बरं, म्हटलं. त्याच्याच घरात बसून काय ते विचारतो.

२४ मार्च, शनिवार

जेवणबिवण काही नव्हतं. मोरू पेणच्या स्टँडवरच उभा होता. त्याने आम्हाला एका दवाखान्यात नेलं. दारावर कान-नाक-घसा. मुंबईचा डॉक्टर फक्त शनिवारी येतो.

मी वळून सगुणाला म्हटलं, "ह्यासाठी रडत होतीस हॉटेलात?"

ती दचकली. "तुम्ही पाहिलंत? अवो, मग तेव्हाच का नाय आलात?" आणि लगेच तिच्या ध्यानात आलं मी काय समजलो होतो ते. रागावली नाही. नुसती माझ्या हाताला धरून उभी राहिली. मला जमिनीत जावंसं वाटलं. तिनेच मोरूला गाठलं होतं, कारण माझ्याशी कुणी बोलायला धजत नव्हतं.

आत छोट्या खोलीत बसवलं, कानांवर चकत्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाड आवाज आले, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी काचेतून खूण केली, मशीन बंद पडलं. पलीकडच्या मुलीने मान हलवली. बंद नव्हतं.

हे मशीन मी ओळखलं. मागच्या वर्षी कंपनीत गाडीतून आलं होतं, कंप्रेसर हाऊसच्या सगळ्यांना बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी मोरू स्वतः कंप्रेसर हाऊसच्या दारात आला होता. अंगठा वर करून माझ्या कानाशी ओरडला होता, "गुणा, पास!"

डॉक्टर भला माणूस. माझ्या समोर बसून, मला त्याचे ओठ दिसतील असा बोलला. कानातली आवाजाची नस गेली आहे. आधी बारीक, उंच आवाज जातात. सततच्या मोठ्या आवाजाने होतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं कळेल.

"आणि गाणं?" मी विचारलं.

तो उत्तर द्यायच्या आधी थांबला. मला कळलं.

मग म्हणाला, "हे काही काल-परवाचं नाही. तुमच्या कंपनीत कधी तपासणी झाली नाही?"

मी म्हटलं, "झाली ना. मागच्याच वर्षी. पास झालो." आणि मोरूकडे बघितलं. तो भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होता.

बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला एका शेडमध्ये न रंगवलेले पांढरे गणपती ओळीने मांडले होते. तिथे सावलीत मी त्याला थांबवलं.

"माझ्याकडं बघून बोल. तुला ठाऊक होतं?"

"गुणा..."

"व्हय की नाय?"

"व्हय." मग सुरू झाला. तुमच्यातल्या एकाचाही कान धड नव्हता. तेव्हा गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरने साहेबाला सांगितलं, यंत्रांना आवरण घाला, माणसांना कानावरची झाकणं द्या, जास्त गेलेत त्यांना तिथून हलवा. साहेब म्हणाला, सगळ्यांना ठीक म्हणून सांग, नाहीतर उद्या गेटवर झेंडे लागतील. "मी नाय म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरा आला असता. ब्लॉकचं कर्ज, पोरांच्या शाळा..."

"तू मला येऊन पास म्हणालास. हसत."

"मला वाटलं, हळूहळू काहीतरी करू. मग तुझ्याकडं आलो त्या दिवशी, ते बटण बघितलं. मला बसवेना. तेव्हा सांगायचा प्रयत्न केला ना तुला?"

"काय सांगितलंस?"

"ट्रेबल कमी कर म्हटलं. तंबोऱ्याचं विचारलं, कापसाचं विचारलं. वाटलं, तू समजशील."

मी सुई बदलली होती. दुकानदाराला शिव्या दिल्या होत्या.

सगुणा इतका वेळ बाजूला उभी होती. तिला कंपनीतलं हे काही ठाऊक नव्हतं, मोरूने हॉटेलातही सांगितलं नव्हतं. ती पुढे आली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही मला धीर देत होता. मी तुमच्यासमोर रडले. आणि तुम्ही सगळं माहीत असून चहा पीत बसला होता?"

भाऊजी म्हणाली नाही. ती त्याला नाव न घेता, नातं न लावता बोलल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हटलं, "माझं जायचं ते गेलं. पण पांडू हाय, कान्हू हाय, नवीन पोरं लागलीत. त्यांना तू सांग. सोमवारी शिफ्ट सुटताना गेटवर. तुझ्या तोंडाने."

"सांगतो," तो म्हणाला.

"नक्की?"

त्याने माझा हात हातात घेतला. "तुझी शपथ."

२६ मार्च, सोमवार

पांडूला आणि बाकीच्यांना सकाळीच सांगून ठेवलं, सुटल्यावर थांबा, मोरूला काही सांगायचंय. सगळे थांबले. दुसरी शिफ्ट आत गेली. आम्ही उन्हात उभे. मी ऑफिसच्या दाराकडे बघत होतो.

शेवटी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मोरूसाहेब? ते सकाळीच रजा टाकून गेले."

पांडू म्हणाला, "चला रे, घरी वाट बघतात."

मला वाटलं, बरोबरच आहे, मी कोण सांगणार. पण मग पांडूच जाता जाता शेजारच्याला काहीतरी विचारायला वळला आणि तो "आं?" म्हणाला. पांडूने पुन्हा विचारलं, तो पुन्हा "आं?" म्हणाला. दोघं हसायला लागले. तेव्हा मी ओरडलो. मी ओरडतो हे मला आता माहीत आहे. पेणला काय कळलं, मागच्या वर्षी काय लपवलं, कुणी लपवलं, सगळं सांगितलं. मोरूचं नाव घेताना जीभ अडली, पण घेतलं.

 मग पांडू म्हणाला, "माजी पोर म्हनते, बाबा, तुमी ऐकून न ऐकल्यासारखं करता. मी तिला मारलं त्यापायी." आणि गेटच्या कठड्यावर बसला.

८ एप्रिल, रविवार

बरंच झालं इतक्या दिवसांत. सगळे मिळून साहेबाकडे गेलो, कान तपासल्याशिवाय कंप्रेसर हाऊसमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हणून सांगितलं. साहेबाने मागचं काही कबूल केलं नाही. पण कानावरची झाकणं आली, पुन्हा तपासणी होणार आहे, आणि यंत्रांना आवरण घालायची मापं घेऊन गेलेत. मला स्टोअरमध्ये बदली दिली. तिथे इतकी शांतता आहे की कानातली शिट्टी दिवसभर ऐकू येते.

आज दुपारी सगुणा भाजी निवडायला म्हणून बाहेरच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "लावा ते तुमचं."

"तुला टोचतं ना?"

"मी बटण फिरवते. तुम्ही सुई ठेवा."

तिने ट्रेबल निम्म्याच्याही खाली आणलं. माझ्यासाठी गोधडीच. पण ती उठून गेली नाही. शेंगा सोलता सोलता तिचे हात हळू झाले, मग थांबले.

मी विचारलं, "काय काय ऐकू येतं गो?"

ती लाजली. "मला काय त्यातलं कळतंय?"

"सांग ना."

"बाई गाते. तबला हाय. आणि मागं काहीतरी भुंग्यासारखं... बंदच होत नाय. सारखं चाललंय."

"तो तंबोरा."

"बरा हाय," ती म्हणाली. पहिली बाजू संपेपर्यंत बसली. मी तिच्याकडे बघत बसलो. शांतीही दाराशी येऊन टेकली होती. कोकीळ यंदा केव्हापासून ओरडतोय, ते तिने मला सांगितलं, समोर येऊन, मोठ्याने.

२९ एप्रिल, रविवार

आज मोरू आला.

रजेवरून तो परत कामाला आल्याचं कळलं होतं. स्टोअरकडे फिरकला नाही. मीही गेलो नाही. आज उन्हं कलल्यावर एकदम दारात. वाळला होता. सगुणाने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली.

तो मधल्या खुर्चीवर बसला नाही. उंबऱ्याजवळ खालीच बसला. मी खाटेवर.  मग तो बोलायला लागला.

मान खाली घालून बोलत होता. माझ्यासमोर तोंड वर केल्याशिवाय मला कळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण तो जमिनीकडे बघून बोलत राहिला. मला नुसती जाडसर गुणगुण येत होती, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तशी. मध्ये एकदा त्याचे खांदे हलले. एकदा "आई" असं काहीतरी वाटलं. आईची शपथ, की त्याच्या आईचं काही, कळलं नाही. चांगलाच वेळ बोलला. एवढं तो माझ्याशी आयुष्यात बोलला नसेल.

मग थांबला. डोळे पुसून वर बघितलं आणि वाट बघत राहिला, मी काय म्हणतो त्याची.

मी म्हटलं, "पाणी पी."

तो प्याला. उठला, चपला घातल्या, पायरीवर जरा रेंगाळला आणि गेला.

सगुणा बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. तिला आतून सगळं ऐकू गेलं असणार. माझ्यासमोर येऊन तिने विचारलं, "काय म्हणाले ते सांगू?"

मी म्हटलं, "नको गो. ऐकायचं असतं तर मीच त्याला वर बघायला सांगितलं असतं."